नगराळे सरांचा तेलकट कागद

नगराळे सरांची आणि माझी ओळख एका लाडवाने करून दिली. तो लाडू त्यांनी खाल्ला नाही आणि मी दोन खाल्ले, त्यामुळे तो माझ्या पक्का लक्षात आहे.

अठ्ठावन्न साल. ढाणकीच्या शाळेत मी मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. गावातल्या एका बड्या घरी लग्न होतं आणि अख्ख्या शाळेला जेवणाचं आमंत्रण होतं. पत्रावळीवर बुंदीचे लाडू पडले. मी लाडवाला हात घालणार तोच डाव्या बाजूच्या गृहस्थाने सदऱ्याच्या खिशातून कागदाचा चौकोनी तुकडा काढला, आपला लाडू त्यावर दोनदा घासला, कागद हवेत हलवून वाळवला आणि मांडवाच्या फटीतून येणाऱ्या उन्हासमोर धरला. कागदावर रुपयाएवढा डाग होता. डागातून पलीकडचा वाढपी हलताना दिसत होता.

"भरपूर हाये," ते म्हणाले. चेहऱ्यावर वधूपित्यापेक्षा जास्त समाधान.

"काय भरपूर आहे?"

"स्निग्ध पदार्थ. पाण्याचा डाग वाळला का जाते. हा जात नाही. मी नगराळे. सायन्स शिकवतो."

एवढं बोलून त्यांनी तो लाडू अलगद माझ्या पत्रावळीवर ठेवला आणि स्वतः वरण-पोळी जेवले. मी कारण विचारलं नाही. लाडू तोंडात असताना माणूस फार चौकशा करत नाही.

पुढे कळलं की हा गृहस्थ ज्याला हात लावील त्याची अशी परीक्षा घेतो. शेंगदाणा, तीळ, जवस, सरकी, चहाच्या दुकानातली भजी, हेडमास्तरांच्या डब्यातलं थालीपीठ, कशाचीही सुटका नव्हती. उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेले कागद कायम खिशात. त्यामुळे खिसाही तेल पिऊन असा झाला होता की आत पेन कोणत्या शाईचं आहे ते बाहेरून दिसे. बाकी माणूस कडक इस्त्रीचा. सावळा, शिडशिडीत, भांग पट्टीने आखल्यासारखा. तपासलेले कागद ते दोऱ्यात ओवून विज्ञानाच्या वर्गाच्या खिडकीत टांगत. सकाळचं ऊन आलं की खिडकीतल्या त्या पताकांवरचे डाग पेटल्यासारखे उजळत. तिळाचा मोठा, हरभऱ्याचा जेमतेम, आणि भेंडीचा कागद कोराच. "ही बिचारी गरीब," ते म्हणत.

त्यांचं शिकवणं ऐकायला मी माझा तास बुडवून जात असे. हे आता सांगायला हरकत नाही, ते हेडमास्तर निवृत्त झाले.

एकदा मी गेलो तर वर्ग ओस आणि सगळी पोरं व्हरांड्यात. एक बुटका मुलगा मध्ये उभा, आणि तीन उंच मुलं त्याच्या खांद्याला धरून एका बाजूला रांगेत. असे आठ-दहा जथे. बुटका म्हणजे ग्लिसरीन आणि उंच तिघं म्हणजे मेदाम्लं. असे चौघं मिळून चरबीचा एक रेणू. "आता सरळ उभे राहा. हात खाली. सरका जवळ जवळ. अजून जवळ!" पोरं खेटून उभी राहिली, कुणाला हलता येईना. इतक्यात हेडमास्तर आले.

"नगराळे, हे काय चाललंय?"

"सर, तूप गोठून राह्यलं."

हेडमास्तर तिथेच थांबले. सरांनी हुकूम सोडला, "आता प्रत्येकानं एक कोपर वाकडं करा!" कोपरं बाहेर आली, एकमेकांच्या बरगड्यांत घुसली, रांगा फिसकटल्या आणि हसत-ढकलत सगळा व्हरांडा वाहू लागला. "हे झालं तेल. रेणू वाकडा, म्हणून जवळ बसता येत नाही, म्हणून पातळ." मग ते स्वतः जथ्याजथ्यांतून फिरले आणि एकेकाचं कोपर धरून सरळ करत गेले. "मी हायड्रोजन. कारखान्यात मी तेलात शिरतो आणि कोपरं सरळ करतो. तेल घट्ट होते. त्याले म्हणते वनस्पती तूप."

हेडमास्तर म्हणाले, "आणि हे सगळं डोक्यात राहील का ह्यांच्या?"

"राहीन ना सर. पाणी काढून टाकलं तर डोकं निम्म्याच्या वर ह्याचंच बनलेलं हाये. माणसाचा मेंदू म्हणजे चरबीच. तुमचा तर..."

"पुरे," हेडमास्तर म्हणाले.

पण सरांचा हा नाद नुसता नाद नव्हता. शाळेला लागून वसतिगृह होतं. तिथली सात-आठ पोरं दिवस कलला की भिंत चाचपत चालायची. सगळे म्हणत, आळशी आहेत, काम टाळतात. सरांनी स्वयंपाक्याला विचारलं. तो छाती काढून म्हणाला, "रोज पालेभाजी देतो सर. तरोटा, अंबाडी, चिवळ. कमी नाही काही." सरांनी भाजी कागदावर घासली, कागद वाळवला. कागद कोरा.

"फोडणी कायची देतं?"

"फोडणी? तेल कुठून आनू? उकडतो, मीठ-तिखट टाकतो."

सर त्याच्यावर ओरडले नाहीत. त्यालाच शेजारी बसवून त्यांनी सांगितलं, आणि मी ते ऐकलं म्हणून मलाही आयुष्यात पहिल्यांदा भाजीच्या फोडणीचा आदर वाटला. डोळ्याला लागणारं जे जीवनसत्त्व असतं ते पाल्यात असतं, पण ते पाण्यात विरघळत नाही. चरबीत विरघळतं. तेलाचा थेंब नसेल तर ते आतड्यातून जसं आलं तसं निघून जातं. "पोरं भाजी खाऊन राह्यले, पण भाजी त्यायले लागून नाही राह्यली." त्या दिवसापासून घाणीवाल्याच्या मागे लागून सरांनी रोजचं जवसाचं तेल मिळवलं, दर पोरामागे एक चमचा. ज्या दोघांचे डोळे कोरडे दिसत होते त्यांना उमरखेडच्या दवाखान्यात नेऊन माशाच्या तेलाचे थेंब पाजून आणले. आणि रोज तिन्हीसांजेला अंगणाच्या टोकाला उभं राहून हात वर करायचे, "किती बोटं?" पहिले काही आठवडे उत्तरं आली ती ऐकून मीही चेष्टा करत असे. मग एक दिवस सगळ्या पोरांनी एका आवाजात सांगितलं, "तीन!" सर वळले आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मी चेष्टा केली नाही.

त्यांनी स्वतःबद्दल एकदाच सांगितलं. मुकुटबनकडचं घर, छप्पन साली आईला घेऊन नागपूरला गेले आणि दोघं बौद्ध होऊन परतले. त्याच्या आधीची गोष्ट. "गावजेवणात तुपाची वाटी पंगतीत जिथून वापस फिरे, त्याच्या पुढं आमची पंगत बसे. मी कॉलेजात गेलतो तवा पहिल्या वर्षी फळ्यावर तुपाचा रेणू पाह्यला. तूप नव्हतं चाखलं तोवर. आजवर नाही चाखलं. पंगतीतलं तूप घशाखाली उतरत नाही मायाच्यानं." मग हसून म्हणाले, "पण रेणू मले पाठ हाये."

आता एका चुकीकडे येतो. चूक त्यांची होती. ती गावभर पोचवली मी.

तेव्हा वनस्पती तूप नवं नवं खेड्यात आलं होतं आणि काही दुकानदार ते खऱ्या तुपात बेमालूम मिसळत. सरकारने त्यावर युक्ती काढली होती. कारखान्याने वनस्पती तुपात थोडं तिळाचं तेल घालायचंच, असा नियम. का, तर तिळाचं तेल पकडता येतं. वितळलेल्या तुपात तितकंच तेजाब, म्हणजे तीव्र आम्ल, आणि चिमूटभर साखर घालून हलवायचं. तिळाचं तेल असेल तर खालचा थर लाल होतो. सर ही कल्पना सांगताना इतके खूष असत, जणू त्यांनीच सरकारला सुचवली.

शाळेच्या गॅदरिंगला त्यांनी टेबल मांडलं आणि वर पाटी, 'तूप तपासून मिळेल. फुकट.' झुंबड उडाली. दोन दुकानदारांचं तूप लाल झालं, ते न बोलता सटकले. आणि मग झमकूबाई आली.

झमकूबाई जवळच्या बंजारा तांड्यावरची. पन्नाशीची, अंगात आरसे लावलेली कांचळी, हातभर पांढऱ्या बांगड्या, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलली की त्या टोकाला भाव उतरत. चार गाई होत्या आणि त्या गाईंच्या तुपावर तिचं घर चालत होतं. तूप म्हणजे झमकूबाईचं, असं उमरखेडपर्यंत लोक म्हणत. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती ऐटीत आली, मडकं टेबलावर ठेवलं.

"मास्तर भिया, मायं बी पाह्य. आन् मोठ्यानं सांग सगळ्यायले."

"आना याडी," सर म्हणाले. तांड्यात भावाला भिया आणि आईला याडी म्हणतात, आणि सर तिला मानानं तसं म्हणत.

नळी हलवली, ठेवली. खालचा थर लाल झाला. पहिल्यांदा फिक्का, मग चांगलाच.

"भेसळ," सर म्हणाले. निकाल वाचतात त्या आवाजात. "वनस्पती हाये ह्याच्यात. शुद्ध नाही."

"काय म्हनला तू? मी मिसळलं?"

"मी नाही म्हणत. नळी म्हणते."

झमकूबाईने मडक्यावर फडकं बांधलं, मडकं डोक्यावर घेतलं आणि गर्दीतून निघून गेली. गर्दीने तिला वाट दिली, आणि तसली वाट कुणालाच मिळू नये.

मी काय केलं? चहाच्या दुकानात जाऊन तो प्रसंग तीनदा करून दाखवला. सरांचा आवाज, तिचा चेहरा, सगळं. "गुलालासारखं लाल झालं हो!" असं मी म्हणालो आणि दुकान हसून लोळलं. पुढच्या बाजारात तिला लोक 'गुलालबाई' म्हणत होते. तो शब्द माझा. सकाळपासून दिवस कलेपर्यंत ती बसून राहिली, मडकं भरलेलं तसंच. त्याच्या पुढच्या बाजारीही तसंच. पोरी तिच्यासमोरून जाताना "गुलाल कसा दिला?" विचारत.

तिसऱ्या बाजारी ती बाजारात बसलीच नाही. सरळ शाळेत आली. आम्ही दोघं व्हरांड्यात होतो.

"मास्तर, तुया नळीनं मायं नाव घेतलं. आता मायासंगं चाल. गाय मायी, लोनी मायं, डोये तुये. बसून पाह्य आन् मंग बोल."

सर जरा ताठ झाले. "रसायन खोटं नाही बोलत, याडी."

"मंग भेतू कायले?"

रविवारी आम्ही तांड्यावर गेलो. सरांनी खिशात नळी, तेजाबाची बाटली आणि साखरेची पुडी घेतली होती. कागद होतेच. झमकूबाईने आमच्यासमोर दही घुसळलं, लोणी काढलं, कढई चुलीवर ठेवली. सर राखणदारासारखे उभे. तूप कढलं, तसं त्यांनी कढईतूनच पळीभर नळीत घेतलं. हलवलं. थांबले. रंग नाही. पुन्हा घेतलं. रंग नाही. तिसऱ्यांदाही नाही.

"आता मडक्यातलं दाखवा, मागच्या आठवड्याचं."

ते लाल झालं. झमकूबाई कपाळावर हात मारून घेत ओरडली, "अरे, मंग ते का मी झोपीत उठून मिसळलं?"

सर मडक्याभोवती फिरले. वास घेतला. बाजूला भिंतीशी उन्हात एक कोरं मडकं वाळत ठेवलं होतं, अजून तूप न पाहिलेलं. सरांचा हात सवयीने खिशात गेला. कागद काढून त्यांनी त्या कोऱ्या मडक्याच्या आतून फिरवला आणि सूर्यासमोर धरला.

मोठा डाग.

"हे कोरं हाये ना?"

"परवाच्या बाजारातलं. कोरंच."

"मंग ह्याच्यात हे कायचं?"

"तिळाचं तेल," झमकूबाई म्हणाली, मुलाला सांगावं तसं. "कोऱ्या मडक्यात तूप टाकलं का पावभर तूप मडकंच पिते. म्हून आंधी त्याले तिळाचं तेल पाजाचं. पोट भरलं का मंग तूप पेत नाही. मायी याडी बी पाजे, तिची याडी बी पाजे. काहून, तुया घरी नाही पाजत?"

सर खाली बसले. तिथेच, शेणाने सारवलेल्या अंगणात, इस्त्रीच्या विजारीसकट.

"आमच्या घरी," ते म्हणाले, "तुपाचं मडकंच नव्हतं, याडी."

झमकूबाईचं तोंड भांडायला उघडलेलं होतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "मंग हे आंधी सांगाचं ना, भिया."

परतताना सर गावाच्या शिवेवर थांबले. "जन्मभर लोकायनं आमाले हाच शब्द लावला. अशुद्ध. आन् मी तो तिले लावला. चार लोकायसमोर." मी काही म्हणायला गेलो तर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाजारी टेबल न्यायचं हाये. तुमी बी चला. गुलाल तुमचा हाये."

हेडमास्तर टेबल द्यायला तयार नव्हते. "भर बाजारात? शाळेची अब्रू जाईल, नगराळे."

"अब्रू तिची गेली, सर. शाळेची अजून शाबूत हाये."

टेबल मिळालं. त्या बाजारी मी डबा वाजवत ओरडत फिरलो, आणि जेवढ्या जोरात गुलाल उधळला होता त्याच्या दुप्पट जोरात ओरडलो. लोक जमले. सरांनी तीन नळ्या मांडल्या. कढईतून काचेच्या बाटलीत आणलेलं तूप, रंग नाही. नुसतं तिळाचं तेल, लालभडक. मडक्यातलं तूप, लाल. मग कोऱ्या मडक्याची गोष्ट त्यांनी सांगितली, आणि म्हणाले, "चूक झमकूबाईची नाही. तिचं तूप चोख. चूक मायी."

मागून कुणीतरी हाक दिली, "म्हंजे सायन्स खोटं का मास्तर?"

"सायन्सनं सांगितलं, ह्याच्यात तीळ हाये. ते खरं होतं. वनस्पती हाये, हे मी म्हणलो. मी विचारलंच नाही का तीळ आला कुठून."

"आता दुकानदार बी म्हनतीन, आमच्या मडक्यानं तेल पेलं!" लोक हसले.

"म्हणूनच तपासायचं तूप इथून पुढं काचेच्या बाटलीत आना."

"बाटली का तुया बाप देईन?" झमकूबाईचा आवाज बाजाराच्या दोन्ही टोकांना पोचला, आणि त्या आवाजाने माझ्या जिवात जीव आला. "बोलून झालं? आता खा."

तिने गाठोड्यातून ज्वारीची भाकर काढली आणि मडक्यात बोटं घालून तुपाचा गोळा तिच्यावर ठेवला. भाकर सरांसमोर धरली. सरांचा हात खिशाकडे गेला.

"कागद ठेव," झमकूबाई म्हणाली. "तोंड उघड."

सरांनी भाकर घेतली. तुकडा मोडला. मी त्यांच्या अगदी जवळ उभा होतो; त्यांनी डोळे मिटले होते. ते सावकाश चावत राहिले आणि सगळा बाजार एका मास्तरला भाकर खाताना बघत राहिला.

"कसं लागते?"

घास गिळून ते म्हणाले, "हे फळ्यावर नव्हतं लिहिलेलं."

त्या दिवशी मडकं दुपारच्या आत रिकामं झालं. पहिलं गिऱ्हाईक मी होतो. तिने मला तूप दिलं, पण देताना माझ्याकडे असं पाहिलं की पुढे महिनाभर मी चहाच्या दुकानात कुणाची नक्कल केली नाही.

पाच-सहा वर्षांनी झरी जामणीकडे जंगलातल्या गावात नवी शाळा निघाली, वसतिगृहासह. कुणी जायला तयार नव्हतं. नगराळे सरांनी स्वतः मागून बदली घेतली. "तिकडं पाला लय हाये," ते म्हणाले, "तेलाचं पाहायला पाहिजे." खिडकीतल्या पताका त्यांनी नेल्या नाहीत. त्या पुढच्या विज्ञान मास्तरने कधीतरी काढल्या असतील.

मोटारीत ते खिडकीशी बसले. मोटार सुटायच्या बेतात असताना झमकूबाई धावत आली. एका हातात तुपाची काचेची बरणी, दुसऱ्यात तूप लावलेली भाकर. तिने दोन्ही खिडकीतून आत कोंबलं. "बरणीच हाय, पाह्य! नळी लावाची तं लाव!" सर हसत होते. भाकर ठेवायला त्यांनी खिशातून कागद काढला, तिच्याखाली धरला आणि पहिला घास तिथेच, तिच्यासमोर घेतला.

मोटार हलली. मी हात वर केला. सरांनी खिडकीतून मागे पाहिलं आणि तो कागद उंच धरला. ऊन समोरून येत होतं. कागदाच्या मध्यभागी तळहाताएवढा डाग पेटला होता, आणि डागातून त्यांचा चेहरा दिसत होता, धूसर, घास चावणारा. मग त्यांनी मोकळा हात बाहेर काढला आणि बोटं वर केली.

"तीन!" मी ओरडलो.

रस्त्यातली माणसं माझ्याकडे बघू लागली. मोटार वळणाआड जाईपर्यंत कागद उन्हात तसाच होता.